रंगवलेला गंज

युद्धनौकेची लहान प्रमाणातली प्रतिकृती करणारा कारागीर कित्येक महिने निर्दोषतेसाठी झटत असतो. सांध्यांच्या रेषा दिसू नयेत, रंग सपाट बसावा, डोलकाठीच्या दोऱ्यांना सारखा ताण असावा, यासाठी त्याची सारी चिकाटी पणाला लागते. आणि हे सारे साधल्यावर तो त्या निर्दोष वस्तूला हेतुपूर्वक मळवू लागतो. टर्पेंटाइनने पातळ केलेला तपकिरी तैलरंग तो खाचाखाचांतून सोडतो. कोरड्या कुंचल्याने कडा उजळवतो. गंजाच्या रंगाच्या थरावर मिठाचे कण चिकटवून वरून राखाडी रंग देतो आणि मग ते कण खरवडून काढतो, म्हणजे रंगाचे पोपडे उडाल्यासारखे डाग मागे राहतात. प्रतिकृतिकारांच्या बोलीत या साऱ्याला ‘वेदरिंग’ म्हणतात. खऱ्या जहाजाला जे मीठ वर्षानुवर्षे खात असते, तेच मीठ येथे एका दुपारपुरते कामाला लावलेले असते. समुद्र कधीही न पाहिलेल्या वस्तूच्या अंगावर समुद्राच्या खुणा उमटतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो केवळ छंदाचा नाही. न भोगलेल्या आयुष्याच्या खुणा अंगावर वागवणारी वस्तू खरी म्हणावी की खोटी? आणि ज्या जहाजावर माणसे राबली, भ्यायली, प्रसंगी बुडाली, त्या जहाजाचे झिजणे कुंचल्याने सुंदर करून दाखवण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या अटीवर पोचतो?

जॉन रस्किनच्या १८४९ सालच्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र नांदतात, ही लक्षणीय गोष्ट आहे. वास्तूचे खरे वैभव तिच्या वयात असते, असे तो स्मृतीविषयीच्या प्रकरणात मांडतो. पिढ्यांचा सहवास लाभल्यावाचून भिंतीला बोलके गांभीर्य येत नाही, ही त्याची धारणा. सत्याविषयीच्या प्रकरणात मात्र एका द्रव्यावर दुसऱ्या द्रव्याचा आभास रंगवण्याला तो फसवणूक ठरवतो. लाकडावर संगमरवराच्या शिरा काढू नयेत, हा त्याचा दंडक. प्लास्टिकवर लोखंडाचा गंज काढणारा कारागीर या दोन प्रकरणांच्या मध्ये सापडतो. वयाचा आदर करावा तर वय रंगवावे लागते. सत्याचा आदर करावा तर रंगवता येत नाही.

या पेचातून वाट काढण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील एक जुना दृष्टान्त उपयोगी पडतो. अभिनवगुप्ताने नोंदवून ठेवलेल्या श्रीशंकुकाच्या मतानुसार रंगभूमीवरील रामाचे ज्ञान चित्रातल्या घोड्याच्या ज्ञानासारखे असते. चित्र पाहून ‘हा घोडा’ असे जे म्हटले जाते ते यथार्थ ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्याचे ज्ञानही नव्हे. ते या चारींहून निराळे आहे. काचेच्या कपाटातली युद्धनौका ही अशीच चित्रतुरगाच्या जातीची वस्तू. तिला लबाड म्हणता येत नाही, कारण ती कोणाला फसवू पाहत नाही. रस्किनचा आक्षेप लाकडाला संगमरवर म्हणून खपवण्यावर आहे. वीतभर जहाज जहाज म्हणून खपत नसते.

परंतु शंकुकाचे म्हणणे येथे संपत नाही. नटाने शिकून, सरावाने आणलेली लक्षणे कृत्रिम असूनही प्रेक्षकाला कृत्रिम वाटत नाहीत आणि त्या लक्षणांवरून तो स्थायी भावाचे अनुमान करतो. याचा अर्थ असा की खोटेपणाच्या आरोपातून सुटका झाली तरी जबाबदारीतून होत नाही. रंगवलेला गंज हे एक लक्षण आहे. त्यावरून पाहणारा काहीतरी ओळखणार आहे. तेव्हा विचारायचे ते इतकेच की हा गंज कशाचे लक्षण आहे.

ज्या प्रतिकृतींवर गंज मुळीच नसतो त्यांच्याकडे आधी पाहिले तर उत्तर सोपे होते. इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत घडलेल्या, नेव्ही बोर्डाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युद्धनौकांच्या प्रतिकृती ग्रिनिचच्या संग्रहालयात आहेत. बहुधा १:४८ या प्रमाणातल्या, चकाकत्या लाकडाच्या, खालच्या अंगाच्या फळ्या मुद्दाम न बसवलेल्या. म्हणजे आतल्या फासळ्यांची रचना उघडी दिसावी. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ पासून, लुव्वा या मंत्र्याच्या पुढाकाराने तटबंदीच्या शहरांच्या आणि सागरी किल्ल्यांच्या प्रतिकृती मुख्यतः १:६०० या प्रमाणात करून घेण्यात आल्या. त्यांतल्या शंभरेक आज पॅरिसच्या अँव्हालिद या वास्तूत जतन केलेल्या आहेत. हस्तकौशल्य म्हणून ही कामे थोर आहेत. पण त्यांत पाऊस पडत नाही. तेथे तट कधी ढासळत नाही, दोर कधी कुजत नाही. ती सत्तेच्या नजरेने पाहिलेली जहाजे आणि किल्ले आहेत: वरून, एकाच दृष्टिक्षेपात, हुकूम देण्याच्या सोयीने पाहिलेले. राजाला किल्ला हवा असतो. किल्ल्यावरचा पहारेकरी नको असतो.

लहान प्रमाणाचा हा जन्मजात दोष आहे. १:३५० या प्रचलित प्रमाणात पाच-साडेपाच फूट उंचीचा माणूस पाच मिलिमीटरही भरत नाही; १:७०० मध्ये तो अडीच मिलिमीटरांच्या आत येतो. तोफा राहतात, बुरूज राहतात, माणूस तांदळाच्या कणीएवढा होतो आणि बहुधा वगळलाच जातो. प्रमाण जसजसे लहान, तसतशी युद्धनौका अधिक देखणी आणि अधिक निर्मनुष्य. ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्याविरुद्ध ती बांधली गेली, ते दोघेही दृष्टीआड झालेले असतात.

अशा निर्मनुष्य वस्तूवर गंजाचा ओघळ उतरतो तेव्हा माणूस मागच्या दाराने परत येतो. लोखंड आपोआप गंजते हे खरे. परंतु युद्धनौकेवर ते आपोआप गंजू दिले जात नाही. खरवडणे, घासणे, रंगवणे हे खलाशाचे रोजचे काम. शांततेच्या काळात जहाजावरचा गंज ही कप्तानाच्या अब्रूची गोष्ट असते. म्हणून गंज दिसतो तेव्हा तो थांबलेल्या श्रमाची बातमी देतो. दुसऱ्या महायुद्धात उत्तर अटलांटिकमध्ये व्यापारी ताफ्यांच्या रक्षणासाठी ‘फ्लॉवर’ वर्गाच्या लहान कॉर्व्हेट नौका होत्या. सुमारे साठ मीटर लांबीच्या या नौका अडीचशेहून अधिक संख्येने बांधल्या गेल्या. हिवाळ्याच्या समुद्रात त्या इतक्या हेलकावत, आणि एका फेरीतून दुसऱ्या फेरीला इतक्या लगोलग निघत, की रंग लावायला ना उसंत होती ना कोरडी जागा. त्यांच्या छायाचित्रांतले गंजाचे पट्टे म्हणजे झोप न मिळालेल्या माणसांची हजेरी आहे. त्यांतली उरलेली एकमेव ‘सॅकव्हिल’ कॅनडात हॅलिफॅक्स येथे जतन केलेली आहे. जतन करायची म्हणजे गंज चढू द्यायचा नाही, हे ओघाने आलेच. अशा रीतीने खरी नौका नीटनेटकी राहते आणि तिचे युद्धकाळातले मळलेले रूप प्रतिकृतीच्या वाट्याला येते. अवशेषाला जे सांगता येत नाही ते नकलेला सांगता येते.

मात्र याच ठिकाणी मोहही आहे. गंज देखणा असतो. नारिंगी, तपकिरी, जांभळट छटांचा तो खेळ एकदा हाताला जमला की थांबणे कठीण. मग जहाज कुठले, काळ कुठला, हे न पाहता सर्वत्र सारखाच मळ चढतो. १:३५० प्रमाणातला एक मिलिमीटरचा ठिपका खऱ्या जहाजावर पस्तीस सेंटिमीटरांचा होतो, एवढा साधा हिशेबही सुटतो. ॲल्युमिनियमच्या भागावर गंज येतो, पितळेवरची हिरवट झाक विसरली जाते, ओघळ गुरुत्वाकर्षण सोडून वाटेल तिकडे वाहतात. येथे जीर्णता हा दागिना झालेला असतो. दुसऱ्याच्या दुःखाचे रम्य वातावरण करणे आणि दुःखाची दखल घेणे यांत जो फरक साहित्यात असतो, तोच येथेही आहे. आणि तो ओळखण्याची कसोटीही तीच: कारण. नांगराची साखळी जेथे नाळेला घासते तेथे रंग जातो. डेकवरचे पाणी ज्या छिद्रांतून बाहेर पडते त्यांच्या खाली पट्टे उमटतात. जलरेषेवर शेवाळ धरते. प्रत्येक डागाला ‘तू येथे का?’ असे विचारले असता ज्याचा करणारा उत्तर देऊ शकतो, त्याचे काम नैतिक अर्थानेही खरे आहे. जेथे उत्तर नाही तेथे केवळ रंग आहे.

जहाजाचे आयुष्य काही दशकांचे. सागरी किल्ल्याचे शतकांचे. म्हणून किल्ल्याच्या प्रतिकृतीत ‘का?’ या प्रश्नाला ‘केव्हा?’ हा प्रश्न येऊन मिळतो. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले आणि १६६७ मध्ये पुरे झाले. त्या वर्षीचा तट ताज्या टाक्यांचा, नव्या चुन्याचा असणार. आज त्यावर काळपट शेवाळ आहे. पुष्कळ प्रतिकृतींत मात्र आजच्या पडझडीच्या तटावर त्या काळचे मावळे उभे केलेले दिसतात. पाहणाऱ्याला ते शोभते. पण त्या माणसांवर तो अन्याय आहे. आपल्या हयातीत त्यांनी जे उभारले ते अवशेष नव्हते. जणू त्यांचा पराभव आधीच ठरला होता, असे ती काजळी सांगते. इतिहासातील माणसांना त्यांचे भविष्य ठाऊक नव्हते, ही गोष्ट विसरणे हा स्मारकांचा नेहमीचा अपराध आहे.

आणि काळाची पावले तरी कुठे ठरावीक असतात? जंजिऱ्यासमोरच्या पद्मदुर्गावर खाऱ्या वाऱ्याने दगड आतपर्यंत कोरून काढला आहे आणि दोन दगडांमधला चुना मात्र तसाच पुढे उभा आहे, जाळीसारखा. सांधे नेहमी खोल असतात, असे गृहीत धरून रंगवणाऱ्याचा हात येथे हमखास चुकेल. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात तर दगड चुन्याशिवाय रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. झीज ही ज्या त्या दगडाची, ज्या त्या वाऱ्याची असते. ती सर्वसामान्य कधीच नसते. महाराष्ट्रात दिवाळीला मुले अंगणात मातीचे किल्ले करतात, हळीव पेरून उतारावर हिरवळ उगवतात आणि सण सरला की तो किल्ला उन्हावाऱ्यावर सोडून देतात. त्या किल्ल्याला जीर्णता रंगवावी लागत नाही. ती त्याची स्वतःची असते. कपाटातल्या प्रतिकृतीला ही मुभा नाही, म्हणूनच तिच्यावर अभ्यासाचे बंधन येते.

अभ्यासालाही शेवटी एक सीमा लागते. सिंधुदुर्गावर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत; ते शिवाजी महाराजांचे म्हणून लहान घुमट्यांखाली जपले आहेत. १:५०० प्रमाणात वीस सेंटिमीटरांचा पंजा ०.४ मिलिमीटरचा होईल. किल्ल्यातली सर्वांत मानवी खूण प्रतिकृतीतून प्रथम नाहीशी होते, आणि कोणत्याही कुंचल्याला ती परत आणता येत नाही.

याहून कठोर सीमा दीवच्या किनाऱ्यावर आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी भारतीय नौदलाची ‘खुकरी’ ही नौका पाकिस्तानी पाणबुडी ‘हँगोर’च्या माऱ्याने अरबी समुद्रात बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. नौका न सोडणारे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला त्यांत होते. दीव येथे समुद्रासमोरच्या उंचवट्यावर त्यांचे स्मारक आहे, आणि त्या स्मारकात काचेच्या आवरणात ‘खुकरी’ची प्रतिकृती आहे. खरी नौका तळाशी आहे. तिचा आजचा गंज कोणी पाहत नाही. तेव्हा या प्रतिकृतीला कोणता दिवस द्यावा? हौशी कारागिरांमध्ये बुडालेल्या जहाजांचे सांगाडे, फुटलेल्या कुशी, तळाच्या चिखलातले लोंबते गंज हुबेहूब करण्याची प्रथा आहे, आणि त्यांतले काही काम विलक्षण कौशल्याचे असते. पण नांगराखालचा ओघळ रंगवणे आणि टॉर्पेडोचे भगदाड रंगवणे ही सारखी कृत्ये नव्हेत. ओघळातून राबणारे हात दिसतात. भगदाडातून १९४ जणांचा शेवट दिसायला हवा, आणि तो दिसेल असा कोणताही रंग नाही. जेथे लक्षणावरून भावाचे अनुमान होण्याऐवजी केवळ कौशल्याचे कौतुक होते, तेथे शंकुकाचा दृष्टान्त कामाचा राहत नाही.

यावरून जखम दाखवूच नये, असा नियम काढणे घाईचे होईल. युद्ध नेहमी धुतलेले, रंगवलेलेच दाखवावे, असा त्याचा अर्थ होईल आणि तो सत्तेच्या जुन्या नजरेकडे परत नेईल. म्हणता येईल ते एवढेच की डाग जितका खोल, तितके त्यामागचे ज्ञान अधिक असले पाहिजे. साखळीचा ओघळ काढणाऱ्याला साखळी ठाऊक असावी लागते. भगदाड काढणाऱ्याला त्या नौकेवरची नावे ठाऊक असावीत. ती वाचून झाल्यावर पुष्कळदा कुंचला खाली ठेवला जाईल. आणि नौका आदल्या सायंकाळची, थोडी मळलेली, नांगराजवळ गंजलेली, पुढच्या सकाळी खरवडायच्या कामासह उभी राहील.