ज्यांना कबर नाही, त्यांच्यासाठी



नोव्हेंबर महिना आला की आपण कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. धर्मगुरू कबरींना आशीर्वाद देतात. पण ज्यांना कबरच नाही, त्यांचे काय?

दुसऱ्या महायुद्धात, १६ मे १९४३ च्या रात्री, १९ ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने जर्मनीतील धरणे फोडण्यासाठी निघाली. त्यांतील एक विमान व्हर्नन बायर्स हा कॅनेडियन वैमानिक चालवत होता. हॉलंडच्या टेक्सल बेटाजवळ तोफेचा मारा लागून ते सात जणांसह समुद्रात कोसळले. काही आठवड्यांनी समुद्राने एकच देह परत दिला. तो विमानाच्या शेपटाकडे बसणारा गनर जेम्स मॅकडॉवेल याचा होता. हार्लिंगन या गावी त्याचे दफन झाले. बाकीचे सहा जण कधीच सापडले नाहीत. त्यांच्या घरच्यांना मूठभर माती टाकायलाही जागा मिळाली नाही.

लंडनजवळ रनीमीड येथे १९५३ साली एक स्मारक उघडण्यात आले. कबर नसलेल्या वीस हजारांहून अधिक वायुसैनिकांची नावे तेथे दगडात कोरली आहेत. त्यांत हे सहा जणही आहेत. तेथील मोठ्या खिडकीच्या काचेवर स्तोत्र १३९ मधील वचन आहे. माणूस समुद्राच्या शेवटच्या टोकाला गेला, तरी तो देवाच्या हाताबाहेर जात नाही, असा त्याचा आशय. कबरीची गरज आपल्याला असते, देवाला नाही. आपण शोधून थकतो तेथेही तो आपल्या लेकराला नावाने ओळखतो.

मात्र त्याच रात्री दोन धरणे फुटली आणि सुमारे १,३०० लोक पुरात बुडून मेले. त्यांत जबरदस्तीने राबवून घेतलेल्या परदेशी स्त्रियाही होत्या. मग अशा सैनिकांसाठी प्रार्थना करावी काय? होय, करावी, आणि त्या बुडालेल्यांसाठीही करावी. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय १२) यहूदा मक्काबी आपल्या पडलेल्या सैनिकांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवतो. त्यांच्या अंगरख्यांखाली मूर्तींचे ताईत सापडले होते, तरीही! ते निर्दोष होते म्हणून नव्हे, तर त्यांना देवाच्या दयेची गरज होती म्हणून. मृतांसाठी प्रार्थना करणे म्हणजे युद्धाला आशीर्वाद देणे नव्हे. न्याय देवावर सोपवून दया मागणे, एवढेच आपले काम.

आपल्या धर्मग्रामातही अशी घरे असतील. कुणी मासेमारीला गेला तो परतलाच नाही, कुणी बोटीवर नोकरीला असताना गेला. अशा कुटुंबांनी या महिन्यात मिस्साच्या हेतूंत त्यांचे नाव जरूर द्यावे आणि कबरस्थानातील मोठ्या क्रुसापाशी एक मेणबत्ती लावावी. ज्यांच्या माणसांच्या कबरी आहेत, त्यांनीही तेथे क्षणभर थांबावे. समुद्र आपल्यातील मृतांना परत देईल, असे प्रकटीकरणाच्या पुस्तकात (२०:१३) सांगितले आहे. त्या दिवसापर्यंत त्यांची आठवण ठेवणे आपल्याकडे आहे. प्रभू त्यांना चिरशांती देवो. आमेन.