ऐकण्याचे प्रामाण्य

सीडीपेक्षा सूक्ष्म नोंदीचे, म्हणजे 'हाय-रेझोल्यूशन', संगीत घरच्या वाय-फायवरून ऐकताना त्याचा दर्जा टिकतो काय, हा प्रश्न तंत्रज्ञाचा वाटला तरी त्याच्या पोटात भारतीय प्रमाणशास्त्रातील एक जुना वाद आहे. ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे त्याचे खरेपण, ज्ञानाबरोबरच येते, हा मीमांसकांचा स्वतःप्रामाण्यवाद. ते बाहेरच्या कसोटीने ठरते, हा नैयायिकांचा परतःप्रामाण्यवाद.

या प्रश्नाचा जाळ्यापुरता भाग सोपा आहे. सीडीच्या नोंदीला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात, तर २४ बिट व ९६ किलोहर्ट्झच्या नोंदीला, संक्षेपापूर्वी, ४,६०८. रायपूरच्या दाट वस्तीतील सदनिकेत शेजाऱ्यांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करीत असले तरी हा भार वाय-फायला सहसा पेलतो; वाटेत हरवलेले पॅकेट बहुधा पुन्हा मागविले जाते, त्यामुळे सूर मळत नाही, तो जसाच्या तसा पोहोचतो किंवा तुटतो. (ब्लूटूथवर मात्र ध्वनी सहसा काटछाट करूनच जातो.) आलेली फाइल मूळ फाइलशी ताडून पाहिली की वाद मिटतो, आणि नैयायिक येथे इतक्या सहज जिंकतो की त्या विजयात फारसा रस उरत नाही.

खरी अडचण कानाची आहे. 'तानपुऱ्याची आस अधिक मोकळी ऐकू आली' हे रसिकाचे ज्ञान मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते आपोआपच प्रमाण ठरते, मात्र त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान उत्पन्न होईपर्यंत किंवा ज्या कारणांतून ते उपजले त्यांतला दोष उघड होईपर्यंतच. कोणती नोंद वाजते आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता त्याला ओळखावयास लावणारी आंधळी चाचणी नेमका असा दोष शोधते. पडद्यावरची '२४ बिट' ही अक्षरे आधीच वाचलेली असणे हा कारणदोषच होय. मेयर व मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अशा ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरे ४९.८ टक्के आली, म्हणजे नाणे उडविण्याइतकीच. राइस यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केले तेव्हा प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि प्रशिक्षित कानांचे त्याहून बरेच अधिक. तेव्हा आंधळी चाचणी ही नैयायिकाचीच मिरास आहे असे मानण्याचे कारण नाही. मीमांसकालाही ती आपल्या अटींत बसविता येते.

रायपूरच्या परिसराला श्रवणपरीक्षा परकी नाही. रायपूरच्या पश्चिमेस खैरागढ येथे १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले आणि संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे कुलगुरू होते. तेथील अभ्यासविषयाच्या मुळाशी असलेल्या नाट्यशास्त्रात भरताने बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरे, दाखविण्यासाठी दोन समान वीणा घेतल्या आहेत. एक अचल ठेवून दुसरीचे सूर टप्प्याटप्प्याने उतरवीत नेले की ते पहिलीच्या खालच्या सुरांत मिसळतात. हा प्रयोग आंधळा नव्हता, परंतु 'हा अधिक गोड' असे तो विचारीत नाही, दोन सूर एक झाले काय एवढेच विचारतो, आणि म्हणून तेथे पूर्वग्रहाला वाव कमी राहतो.

नैयायिकापुढे मात्र एक अडचण उरते. प्रत्येक ज्ञानाला कसोटी हवी, तर कसोटीच्या ज्ञानाला कोणती? या अनवस्थेवर नैयायिकाचे उत्तर व्यवहाराचे आहे: प्रवृत्ती सफळ झाली की शंका थांबते. परंतु संगीतात सफळता म्हणजे आनंद धरला, तर 'ही नोंद अधिक सूक्ष्म आहे' या समजुतीनेच तो उपजू शकतो, आणि मग सफळतेने समजूत सिद्ध होत नाही. चाचणीने बाध येतो तो 'मला फरक ऐकू येतो' या विधानाला. झालेल्या आनंदाला नव्हे, कारण आनंद वस्तूविषयी काही सांगतच नाही.