पगार महिन्याचा, चूल रोजची

गिरगावातल्या खोताच्या वाडीत शिरलं की जुन्या खवय्यांना अजून अनंताश्रमातलं माशांचं जेवण आठवतं. ती खाणावळ आता बंद झाली.

खाणावळीचा हिशेब कसा घाम काढतो, ते मात्र परळ-लालबागच्या चाळींत घरीच खाणावळ चालवणाऱ्या बायकांना विचारावं. गिरणी कामगार महिनाभर जेवायचा, पैसे पगाराला द्यायचा. तांदूळ, तेल, रॉकेल मात्र रोजचं. मग वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. वहीत नफा, डब्यात खडखडाट! छोटे धंदे बहुधा इथेच अडकतात, गिऱ्हाईक भरपूर असूनही.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गहाण टाकायला दागिना कुठला? एकमेकींची हमी, तेच तारण.