जीर्णोद्धाराची नीति

मोडलेली वस्तु दुरुस्त करणें आणि तिचा जीर्णोद्धार करणें या गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांचे हेतु भिन्न आहेत. दुरुस्ती करणाराला वस्तु चालती झाली म्हणजे समाधान वाटतें; जीर्णोद्धार करणाराला ती पूर्वीं होती तशी व्हावयास हवी असते. 'पूर्वीं होती तशी' या शब्दांत किती अडचणी दडलेल्या आहेत, हें प्रत्यक्ष उदाहरण घेतल्यावांचून ध्यानांत येत नाहीं. म्हणून येथें एका क्षुल्लक वाटणाऱ्या वाहनाचें उदाहरण घेतों.

१९६७ च्या सुमारास होंडा या जपानी कंपनीच्या अमेरिकेंतील विक्रेत्यांनीं कंपनीकडे अशी मागणी केली कीं, हिवाळ्यांत मोटारसायकलींचा खप मंदावतो, तेव्हां त्या दिवसांत विकतां येईल असें कांहीं तरी आम्हांस द्या. या मागणीवरून ओसामु ताकेउची या अभियंत्यानें बर्फ, वाळू आणि चिखल यांवरून जाणारें एक तीनचाकी वाहन तयार केलें. १९७० सालीं तें 'यूएस ९०' या नांवानें बाजारांत आलें. पुढें त्याचेंच नांव 'एटीसी ९०' झालें. किंमत ५९५ डॉलर, एंजिन ८९ सी.सी.चें, शक्ति ७ अश्वांची. धक्के सोसण्यासाठीं त्यास स्प्रिंगा नव्हत्या. तें काम कमी दाबाच्या, फुग्यासारख्या जाड टायरांवर सोंपविलेलें होतें. तें लोकांस आवडलें. यामाहा, कावासाकी इत्यादि इतर कारखानदारही या धंद्यांत उतरले. परंतु अपघातांची संख्याही वाढत गेली आणि जखमी होणारांत सोळा वर्षांखालील मुलांचा वाटा मोठा होता. अखेर १९८७ च्या डिसेंबरांत सरकारशीं झालेल्या न्यायालयीन तडजोडीनें कारखानदारांनीं अमेरिकेंत नवीं तीनचाकी वाहनें विकण्याचें बंद केलें. २००८ च्या कायद्यानें अशा नव्या वाहनांची आयात व विक्री यांस तेथें बंदीही आली. वंश खुंटला, पण जुनीं यंत्रें शेतांवरील गोठ्यांतून आणि कोठारांतून गंजत पडून राहिलीं, आणि तीं पुन्हां उभीं करणारा एक हौशी वर्ग निर्माण झाला.

अशा वाहनाचे सुटे भाग मिळविण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, जुन्या दुकानांत न खपतां राहिलेला मूळचा माल. तो अस्सल खरा. पण रबराला आणि कागदी पॅकिंगला वेष्टनांतही म्हातारपण येतें, आणि न वापरलेलें ऑइल सील पहिल्याच दिवशीं गळूं लागतें. दुसरा मार्ग नव्यानें बनविलेल्या नकलांचा. तिसरा मार्ग म्हणजे दुसरें एखादें वाहन मोडून त्याचे भाग काढून घेणें. जें वाहन चिखलांत कुजून गेलेलें आहे त्याचे अवयव दुसऱ्याच्या उपयोगीं पडले, तर त्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, जें थोड्या श्रमानें चालतें झालें असतें, तेंही केवळ टांकीसाठीं किंवा मडगार्डासाठीं मोडलें जातें. कारण सुट्या भागांची बेरीज अखंड वाहनाच्या किंमतीहून अधिक भरते. जुन्याविषयींच्या प्रेमापोटीं जुन्याची संख्या कमी करणें हा या हौशींतील विरोध आहे. ज्याला आपण वांचवितों म्हणतों, त्याच्यासाठीं कोणाला मारलें याचा हिशेब ठेवणें हें जीर्णोद्धार करणाराचें पहिलें कर्तव्य होय.

येथें एक जुना प्रश्न सहजच पुढें येतो. ग्रीकांचा वीर थेसिअस याच्या जहाजाच्या फळ्या एकामागून एक बदलल्या, तेव्हां तें जहाज तेंच राहिलें कीं नाहीं, असा वाद अथेन्सच्या तत्त्वज्ञांत चालत असल्याचें प्लूटार्कनें नमूद केलें आहे. आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन मिलिंद राजाला विचारतो कीं, तुझा रथ म्हणजे आंस काय, चाकें काय, कीं जूं? राजा प्रत्येकाला नाहीं म्हणतो, आणि हे सर्व भाग एकत्र आल्यावर त्यांस 'रथ' ही संज्ञा मिळते असें ठरतें. जीर्णोद्धार करणाराला हें उत्तर मोठा दिलासा देणारें आहे. कोणत्याही एका बोल्टांत वाहनाचा आत्मा बसलेला नसेल, तर बोल्ट बदलल्यानें आत्मा जात नाहीं.

परंतु हाच युक्तिवाद लबाडाच्याही कामीं येतो. कोणताच भाग म्हणजे रथ नव्हे, मग अर्धें वाहन नकली भागांचें आहे हें गिऱ्हाइकाला सांगण्याचें कारण काय, असें तो म्हणेल. यांत दोन प्रश्नांची गल्लत आहे. वस्तु काय आहे हा एक प्रश्न, आणि तिच्याविषयीं दुसऱ्याला काय सांगावें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर कितीही सूक्ष्म असलें तरी दुसऱ्याचें साधेंच आहे: जें केलें तें सांगावें. नकल करणें हें पाप नव्हे. नकलेवर मूळची खूण उठवून ती विकणें हें पाप होय.

याहून कठीण प्रसंग तेव्हां येतो, जेव्हां मूळ वस्तूच सदोष असते. आरंभींच्या 'यूएस ९०' चे टायर रिमवांचून थेट तुंब्यांवर बसविलेले होते. ते सहज फुटत आणि बदलणें खर्चाचें होई. म्हणून १९७५ पासून होंडानेंच पोलादी तुंबे आणि बदलतां येणारे टायर दिले. आतां १९७० चें वाहन सजविणारानें काय करावें? निर्मात्यानेंच टाकलेला दोष हौसेनें शोधून परत बसवावा काय? तें यंत्र संग्रहालयांत उभें राहणार असेल तर अवश्य बसवावा. दोष हाही इतिहासच आहे. पण त्यावर कोणी बसणार असेल तर प्रश्न बदलतो. या वाहनाचा मागला आंस अखंड असतो, त्यांत डिफरन्शियल नसतें. वळणावर आंतल्या चाकाला कमी व बाहेरच्याला अधिक अंतर कापावयाचें असतें, पण दोन्हीं चाकें एकाच गतीनें फिरतात. म्हणून स्वारानें आपला भार योग्य रीतीनें सरकविला नाहीं तर वाहन सरळ जाऊं पाहतें किंवा उलटतें. सायकलच्या संवयीनें पाय जमिनीवर टेकला तर तो मागल्या चाकाखालीं सांपडतो. अशा यंत्राचा टायर, ब्रेक किंवा ॲक्सिलरेटरची तार केवळ ती मूळची आहे म्हणून ठेवणें ही इतिहासभक्ति नव्हे. ज्या भागावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तेथें जुनेपणाचा मान संपतो.

कोणी विचारील कीं, जें इतकें धोक्याचें ठरलें तें पुन्हां उभें करावेंच कां? या आक्षेपांत बळ आहे. पण मनुष्याच्या चुकलेल्या कल्पनाही जपून ठेवण्यासारख्या असतात. त्या डोळ्यांसमोर राहिल्या तर त्यांपासून शिकतां येतें, आणि ताकेउचीच्या यंत्रांत दोषाबरोबर कल्पकताही थोडी नाहीं. मात्र जीर्णोद्धार करणारानें जसा रंग उजळला तसा धोकाही उघड सांगितला पाहिजे. कोणता भाग मूळचा, कोणता नवा, कोणत्या वाहनांतून काढलेला, आणि कोणता मुद्दाम बदलला व कां, याची एक वही वाहनाबरोबर पुढल्या मालकाच्या हातीं जावी. बोल्ट केव्हां बदलले हें त्या मालकाला कळलें नाहीं तरी एक वेळ चालेल. आपल्या मुलाला त्यावर बसविण्यापूर्वीं त्यानें काय जाणून घेतलें पाहिजे, हें त्या वहींत पहिल्या पानावर असावें.