मारेकरी न सापडलेला खून आणि आपले कर्तव्य

शास्त्रपाठ : अनुवाद २१:१-९



मोशेच्या नियमशास्त्रात एक विधी असा आहे की, जो आपल्या उपासनेत क्वचितच वाचला जातो. रानात कोणाचे प्रेत पडलेले आढळले आणि त्यास कोणी मारिले हे ठाऊक नसले, तर वडिलांनी व न्यायाधीशांनी बाहेर यावे आणि त्या प्रेतापासून सभोवारच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळचे ठरेल त्याच्या वडिलांनी, जिला कधी जुवास जुंपिले नाही अशी कालवड वाहत्या पाण्याच्या पडीत खोऱ्यात न्यावी, तेथे तिची मान मोडावी, तिजवर हात धुवावे, ह्या रक्तपातात आपला हात नाही व तो आपण पाहिलाही नाही अशी साक्ष द्यावी, आणि सर्व प्रजेसाठी क्षमा मागावी.

ह्या विधीत जे सांगितले आहे ते महत्त्वाचे आहेच. परंतु जे सांगितलेले नाही, त्याकडेही आपण लक्ष द्यावे. मेलेला कोणत्या वंशाचा होता, त्याची चालचलणूक कशी होती, तो त्या रानात कशास गेला होता, हे विचारावयास देवाने सांगितले नाही. कोणावर तरी तर्क बांधून त्याचे नाव वेशीवर टांगावे, असेही सांगितले नाही. मेलेल्याच्या आईच्या दारात जाऊन गर्दी करावी, असेही नाही. वडिलांच्या स्वाधीन केले आहे ते अंतर मोजण्याचे काम. आणि हे मोजमाप शेवटी आपल्याच वेशीपाशी येऊन थांबेल की काय, ह्या भीतीने ते करावयाचे आहे.

ही गोष्ट केवळ प्राचीन काळाची नव्हे. २२ एप्रिल १९९३ रोजी रात्री लंडन शहराच्या एल्थम भागात स्टीफन लॉरेन्स नावाचा अठरा वर्षांचा कृष्णवर्णी तरुण आपल्या मित्राबरोबर बसची वाट पाहत असता गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने त्यास भोसकून ठार मारिले. त्याचे आईबाप जमैका बेटातून येऊन तेथे स्थायिक झाले होते. शिल्पकाराचे, म्हणजे इमारतींची रचना करणाऱ्याचे, शिक्षण घ्यावे अशी त्या मुलाची इच्छा होती. त्याने कोणाचे काही बिघडविले नव्हते. त्याचा रंग तेवढा मारणाऱ्यांच्या डोळ्यांत सलला.

पुढे काय झाले? त्या भागातील लोकांनी संशयितांची नावे थोड्याच अवकाशात पोलिसांस कळविली. तरी पहिली अटक व्हावयास ७ मे उजाडला. आदल्याच दिवशी नेल्सन मंडेला लंडनमध्ये त्या आईबापांस भेटले होते. जो मित्र मरणाच्या दारातून वाचला, त्याजकडेच पोलिसांनी प्रथम संशयाने पाहिले. आईबापांनी स्वतः चालविलेला खटला १९९६ साली पुराव्याअभावी फसला. अखेर सरकारने न्यायमूर्ती विल्यम मॅक्फर्सन ह्यांस चौकशीस नेमिले, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वर्णद्वेष आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले, आणि सुधारणेसाठी सत्तर शिफारशी केल्या.

बंधूंनो, अनुवादातील वडिलांनी जे केले, तेच हे. प्रेतापासून अंतर मोजीत मोजीत चौकशी पोलीसचौकीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचली. खुनाचा हात टोळक्याचा होता. पण काळ्या मुलाच्या रक्ताची किंमत कमी धरणारे मन फार मोठ्या समाजाचे होते, आणि हेच मन दोषी माणसांस वर्षानुवर्षे मोकळे ठेविते. खुनाचे जुने पुरावे नव्या शास्त्रीय साधनांनी पुन्हा तपासले गेले, आणि जानेवारी २०१२ मध्ये दोघांस जन्मठेप झाली. म्हणजे अठरा वर्षे जगलेल्या मुलासाठी आईबापांनी अठरा वर्षांहून अधिक काळ न्यायाची वाट पाहिली. सारे हल्लेखोर तेव्हाही हाती लागले नाहीत, आणि २०२० साली पोलिसांनी तपास थांबविला.

आता ह्या खुनाविषयी जी चर्चा झाली, तिचा विचार करू. १९९७ साली एका मोठ्या वर्तमानपत्राने पाच जणांची छायाचित्रे पहिल्या पानावर छापून त्यांस खुनी म्हटले, आणि हे खोटे असेल तर आम्हांवर फिर्याद करा, असे आव्हान दिले. त्या लेखाने पुष्कळ झोपलेले लोक जागे झाले, हे खरे. तथापि न्यायासनाचे काम छापखान्याने आपल्या हाती घेतले, हेही खरे. त्या पाचांपैकी दोघे पुढे दोषी ठरले, म्हणून प्रत्येक वेळी असेच होईल असे कोणी समजू नये.

ह्याचे भयंकर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागणाऱ्या भटक्या जमातीच्या पाच पुरुषांस जमावाने ठेचून मारिले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी कंडी मोबाईलवरून पिकली होती. ते परके होते, गरीब होते, त्यांची जमात निराळी होती; एवढ्यावरच लोकांनी निकाल दिला. जेथे पुरावा नसतो तेथे जात व वर्ण हाच पुरावा मानण्याची खोड मनुष्यास लागली आहे; आणि ही खोड लंडनमध्ये वाईट व आपल्या गावी चांगली, असे होत नाही.

तिसरी गोष्ट शोकाकुल घराविषयीची आहे, आणि तिजबद्दल फार थोडे बोलले जाते. स्टीफनच्या आईबापांनी जगापुढे उभे राहून बोलावयाचे ठरविले. ते त्यांनी स्वतः ठरविले होते. परंतु त्यांच्या संमतीवाचून जे झाले तेही ऐका. त्यांच्याजवळच्या लोकांत एक गुप्त पोलीस हेर घुसविला होता, असे २०१४ साली सरकारी चौकशीत उघड झाले. चौकशीच्या अहवालाबरोबरही एक पुरवणी चुकून छापली गेली, आणि ज्यांनी विश्वासाने माहिती दिली होती त्यांची नावे व पत्ते बाहेर पडले. ती मागाहून परत घ्यावी लागली. त्या मुलाच्या स्मारकशिलेचीही नासधूस झाली. त्याचे शरीर इंग्लंडात नव्हे, जमैकात पुरले आहे. त्या घरातील दुःखाविषयी ह्याहून अधिक लिहिणे आम्हांस योग्य वाटत नाही.

कित्येक म्हणतील, न्याय व्हावा तर सर्व काही उघड झाले पाहिजे. आम्ही म्हणतो, खून उघड व्हावा, तपासातील कुचराई उघड व्हावी, पक्षपात उघड व्हावा; पण आईचे रडणे ही लोकांची मालमत्ता नव्हे. हाबेलाचे रक्त भूमीतून देवाकडे ओरड करिते, असे उत्पत्तीत आहे. त्या ओरडीस वाचा देणे आपले काम आहे. त्या घरात काय शिजले, कोण आले, कोण गेले, मुलगी कोणाशी बोलत होती, हे पारावर बसून चघळणे ही ती ओरड नव्हे. ती चावडीची करमणूक आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याजजवळ बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्याजवर हे संकट का आले ह्याची कारणे ते सांगू लागले, तेव्हापासून ते त्याचे छळक झाले.

तर मग आपण काय करावे? ज्याने काही पाहिले असेल त्याने पोलिसांपुढे व न्यायालयात निर्भयपणे सांगावे. कारण डोळ्यांनी पाहिले नाही असे म्हणण्याचा अधिकार न पाहिलेल्यासच आहे. ज्याने पाहिले नसेल त्याने तर्क करू नये, आणि कोणी तर्काने एखाद्या वस्तीचे वा जातीचे नाव घेतले तर त्यास तेथेच थांबवावे. तपास रखडला असेल तर वडिलांनी अर्ज घेऊन तालुक्यास जावे, आणि मेलेला गरीब वा परका असेल तर दोनदा जावे. शोक करणाऱ्या घरी भाकरी न्यावी, पाणी भरावे, गुरे पाहावी. प्रश्न विचारू नयेत. त्यांना बोलावेसे वाटले तर ऐकावे, आणि ऐकलेले तेथेच ठेवून यावे.

हात धुण्याची आणखी एक गोष्ट शास्त्रात आहे. पिलातानेही पाणी मागवून लोकांसमक्ष हात धुतले. परंतु त्याने काही मोजले नव्हते. निरपराध्यास जमावाच्या स्वाधीन करिताना त्याने हात धुतले, म्हणून ते पाणी त्यास शुद्ध करू शकले नाही. वडिलांनी मात्र आधी उन्हातान्हात जाऊन प्रेतापाशी उभे राहावयाचे होते, आपल्या गावापर्यंतचे अंतर पावलापावलाने मोजावयाचे होते, आणि मग हात पुढे करावयाचे होते. आपल्या गावाच्या शिवारात, वा आपल्या देशात कोठेही, असे रक्त सांडले आणि मारेकरी सापडला नाही, तर प्रभू आपणांस ह्या दुसऱ्या प्रकारचे लोक करो. आमेन.