सोन्याचे पाणी

आठवीच्या वर्गात इंग्रजीचे श्रुतलेखन चालू होते. आम्ही 'गिल्ट' हा शब्द सांगितला. अर्थही सांगितला : सोन्याचा मुलामा दिलेला. वह्या तपासताना दिसले की एका मुलीने त्या शब्दात एक 'यू' जास्तीचा घातला आहे. त्या एका अक्षराने शब्दाचा अर्थ बदलून 'अपराध' असा झाला होता. आम्ही लाल शाईने खूण केली. मुलगी म्हणाली, "सर, बोलने में तो दोनों एकही हैं. फिर मालूम कैसे पडेगा?"

वाक्य पाहून कळते, असे उत्तर देऊन आम्ही पुढे गेलो. शिक्षकाला पुढे जावेच लागते, अभ्यासक्रम थांबत नाही. पण तिचा प्रश्न आमच्याबरोबर घरी आला.

शब्दकोश सांगतो की या दोन शब्दांचे रक्ताचे नाते नाही. 'गिल्ड' म्हणजे सोन्याने मढवणे. हे क्रियापद जुन्या इंग्रजीत 'गोल्ड'पासूनच घडले आणि 'गिल्ट' हे त्याचे जुने भूतकाळी रूप आहे. अपराध या अर्थाचा 'गिल्ट' वेगळ्या घराण्यातला. कारागिरांच्या संघाला म्हणतात तो 'गिल्ड' तिसराच, तो देणे चुकते करणे या अर्थाच्या शब्दावरून आला. उच्चार जवळचे, घरे वेगळी. तरी कवींना हा योगायोग सोडवला नाही. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये राजाचा खून होतो आणि लेडी मॅकबेथ झोपलेल्या पहारेकऱ्यांच्या तोंडाला राजाचे रक्त फासते, म्हणजे आळ त्यांच्यावर यावा. तिथे शेक्सपिअरने तिच्या तोंडी हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी ठेवले आहेत. पुढे १८७३ साली मार्क ट्वेन आणि चार्ल्स वॉर्नर यांनी आपल्या कादंबरीला 'गिल्डेड एज' असे नाव दिले. वरून झगमगाट आणि आत लाचलुचपत, अशा अमेरिकेच्या त्या काळाला इतिहासकार आजही याच नावाने ओळखतात.

म्हणजे इंग्रजांच्या भाषेत मुलामा संशयित आहे. आपल्या भाषांत काय आहे? 'मुलामा' हा शब्द अरबीतून आला, त्याच्या मुळाशी चमक आहे. अरबीत आणखी एक शब्द आहे, 'तमवीह'. तो 'मा' म्हणजे पाणी या शब्दावरून झाला. धातूवर सोन्याचे पाणी चढवणे म्हणजे तमवीह, आणि खोट्याला खऱ्याचे रूप देणे म्हणजेही तमवीह. आपण मराठीत 'सोन्याचे पाणी दिलेले दागिने' म्हणतो, तेव्हा अरबांच्याच घागरीतून पाणी भरतो. इथेही संशय आहेच.

पण आम्ही राहतो त्या वस्तीचे नाव जरीपटका आहे. फारसीत 'जर' म्हणजे सोने. जरीपटका हे मराठ्यांचे सोनेरी जरीचे निशाण होते. ते ज्या सरदाराच्या हाती दिले जाई, त्याचा मान मोठा. आज नागपूरची ही वस्ती ओळखली जाते ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या नावाने. घरदार, शेतीवाडी मागे टाकून आलेल्या माणसांनी सोनेरी निशाणाचे नाव असलेल्या जागी पुन्हा दुकाने मांडली. इथल्या एका वृद्ध कापड दुकानदाराने आम्हांला जर ओळखायला शिकवले. खरी जर म्हणजेसुद्धा निव्वळ सोने नव्हे. रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली आणि तिच्यावर सोन्याचा पातळ थर. नकली जरीत चांदीच्या जागी तांबे असते. हल्लीच्या स्वस्त जरीत तर प्लास्टिकची चमकती पट्टी असते. काडी लावली की खऱ्या जरीतले रेशीम जळते आणि धातू उरतो. प्लास्टिकची जर आक्रसून तिचा गोळा होतो.

तेव्हा आमच्या मनात आले की मराठ्यांच्या मानाचे निशाणही मुलाम्याचेच होते. म्हणून त्याला कोणी खोटे म्हणाले काय? मग मुलामा कधी शोभा असतो आणि कधी अपराध?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुस्तकात मिळाले नाही. ते आमच्या घरातच होते. आम्ही बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा फीसाठी अम्मींनी आपल्या हातातल्या बांगड्या विकल्या. आमचे लग्न ठरायच्या वेळी मुलीकडची मंडळी घरी आली. अम्मींच्या हातात बांगड्या होत्या, बाजारात 'एक ग्रॅम सोन्याच्या' म्हणून मिळतात तशा. पाहुण्यांपैकी एका बाईंनी बांगड्यांचे कौतुक केले आणि किती तोळ्यांच्या आहेत, असे विचारले. अम्मी सरळ म्हणाल्या, "पानी चढाया हुआ है. असलीवाले बेच के इसको पढाया." खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. आमची मान खाली गेली. त्या रात्री आम्ही अम्मींना बोललोसुद्धा : गप्प बसायला काय झाले होते? त्या म्हणाल्या, "पूछा तो बोली. नहीं पूछते तो नहीं बोलती."

एवढ्या एका वाक्यात सगळा निवाडा आहे, हे कळायला आम्हांला पुढे काही वर्षे लागली. अम्मींनी बांगड्या घातल्या होत्या त्या रिकामा हात बरा दिसत नाही म्हणून. ती शोभा होती. विचारल्यावर त्या गप्प बसल्या असत्या, तर तीच शोभा अपराध झाली असती. बांगडी तीच, पाणीही तेच. फरक पडतो तो प्रश्न आल्यावर आपण काय सांगतो, याने. आणि त्या खोलीत खोटे काही असेलच, तर ती आमची शरम होती. सत्य उघडे पडले म्हणून आम्ही लाजलो. त्या बांगड्यांपेक्षा मुलामा आमच्यावरच जाड होता.

फिक्हच्या जुन्या ग्रंथांत मुलाम्याच्या भांड्यांविषयी एक चर्चा येते : ते विस्तवावर धरले तर सोने वेगळे निघते, की तो नुसता रंगच आहे? दुकानदाराची काडी आणि त्या विद्वानांचा विस्तव यांत फार अंतर नाही. अम्मींना पाहुणीने विचारलेला प्रश्नही असाच एक विस्तव होता.

कोणी म्हणेल, इतकी वकिली कशाला? मुलामा टाळलेलाच बरा. मदिनेतली पैगंबरांची मशीद सुरुवातीला कच्च्या विटांची होती. तिला खजुराच्या खोडांचे खांब होते आणि खजुराच्या झावळ्यांचे छप्पर. हे खरे आहे आणि आम्हांला ते प्यारे आहे. पण जेरुसलेमचा सोनेरी घुमटही आमचाच आहे. १९९० च्या दशकात त्याच्यावर नव्याने सुमारे ८० किलो सोने चढवले गेले. त्यासाठी जॉर्डनच्या राजे हुसेन यांनी लंडनमधले आपले एक घर विकले. तो घुमट भरीव सोन्याचा आहे, असा दावा कोणी करत नाही. तिथले सोने आदर दाखवते, ते कोणाला फसवत नाही. आणि ते कोणाच्या तरी घराच्या किमतीत आले आहे, जसे आमचे बी.एड. अम्मींच्या बांगड्यांच्या किमतीत आले.

आता आम्हां उर्दू शिकवणाऱ्यांच्या रोजच्या अनुभवातली एक गोष्ट. मीम, जाल, हे, बे ही चार अक्षरे फळ्यावर लिहा. जेर-जबर दिले नाहीत तर त्याचे वाचन दोन प्रकारे होते. 'मजहब' म्हणजे धर्म, आणि 'मुजह्हब' म्हणजे सोन्याने मढवलेले. अरबीत 'जहब' म्हणजे सोने आणि 'जहबा' म्हणजे तो गेला. 'मजहब' हा जाण्यातून आलेला शब्द आहे. मजहब म्हणजे जाण्याची वाट. वाट ही चालायची असते. ती मढवून ठेवली की तिच्यावर पाय ठेवायला माणूस कचरतो. कपाळावरचा डाग, हाजी म्हणून दारावर लावलेली पाटी, इफ्तारच्या दावतीचे छापील फलक यांत वाईट काही नाही. पण शेजाऱ्याने काडी लावली, म्हणजे उधारी मागितली, वारसाहक्कातला बहिणीचा वाटा मागितला, तर आपल्यातले काय उरते? धातू, की नुसता गोळा?

आम्ही शिक्षक तरी कुठे वेगळे? तपासणीच्या दिवशी भिंतींवर तक्ते लागतात, हुशार मुले पहिल्या बाकावर येतात. पाहुण्यांसाठी घर आवरावे तसे हे असेल तर चालेल. पण तपासनिसाने "ह्या मुलाला वाचता येते का?" असे विचारले आणि आम्ही दुसऱ्या मुलाला उभे केले, तर त्या 'गिल्ट'मध्ये 'यू' शिरला म्हणून समजा.

सोन्याच्या दागिन्यांसाठी सरकारने २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा केला. माणसांवर शिक्का मारणारे केंद्र अजून निघालेले नाही, निघणारही नाही. तिथे विचारणाऱ्याचा प्रश्न आणि आपले उत्तर, एवढाच हॉलमार्क.

त्या मुलीने विचारले होते, ऐकायला दोन्ही सारखे, मग कळणार कसे? आता तिला आम्ही सांगू : बेटा, ऐकून कळत नाही. विचारून पाहावे लागते. आणि आपल्याला कोणी विचारले, तर सांगावे लागते.