कॅमेरा येण्याआधी संपलेले सामने

कबड्डी हा एकच एक खेळ आपल्या देशात कधीच नव्हता. महाराष्ट्रात हुतुतू होता, तमिळनाडूत चेडुगुडू. कुठे बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच बसे, ती गामिनी पद्धत. कुठे बाद होऊनही तो मैदानातच राही आणि फक्त गुण मोजला जाई, ती अमर. समोरचा गडी टिपला की आपला एक गडी परत उठतो, ती संजीवनी. पंजाबात तर मैदानच गोल. या सगळ्यांतून संजीवनी पुढे आली आणि राष्ट्रीय खेळ म्हणून उभी राहिली, त्यामागे पुण्या-मुंबईच्या आणि विदर्भाच्या कार्यकर्त्यांची कित्येक वर्षांची उस्तवार आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी आयुष्य या खेळाला वाहिले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पोहोचली ती अशा माणसांच्या खांद्यावर बसून. मतभेद त्यांच्यातही होते आणि ते कडाक्याचे होते. पण नियम बदलायचा तर पंच, खेळाडू आणि कार्यकर्ते सभेत बसत, भांडत आणि ठरवत.

२०१४ पासून ही सभा दुसरीकडे भरू लागली. २६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली. चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ लागले, दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ झाली, तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला जादा गुण मिळू लागला. मातीची जागा मॅटने आधीच घेतली होती. आता तिच्यावर दिवे आणि रंग चढले. प्रेक्षकाची नजर पडद्यावरून हलू नये, हा या बदलांमागचा विचार.

मी या बदलांच्या विरुद्ध नाही. खेळ वेगवान झाला आणि खेळाडूच्या घरात चार पैसे आले. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारला लागली, १२ लाख ८० हजारांची. २०२३ मध्ये पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर मिळाले. चंदगड तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा सिद्धार्थ देसाई २०१९ साली १ कोटी ४५ लाखांना घेतला गेला, तेव्हा कोल्हापूरच काय, नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांचीही छाती फुगली. ज्या खेळात कर्तबगारीचे फळ म्हणजे रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी एवढेच असायचे, तिथे ही मोठी गोष्ट आहे. ती नाकारणारा माणूस खेळाडूच्या पोटाचा विचार करत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. हे ठरवते कोण, आणि ते ठरवण्याचा अधिकार त्यांना दिला कुणी?

प्रो कबड्डी चालवणारी कंपनी मशाल स्पोर्ट्स. तिची बहुतांश मालकी स्टार इंडियाकडे गेली. २०२१ साली लीगच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव झाला आणि ते हक्क ९०८ कोटींना स्टारनेच घेतले. विकणाऱ्याच्या घरात घेणाऱ्याचीच मोठी भागीदारी. यात कायद्याची चूक नसेलही. पण जो खेळ आजोबा-पणजोबांनी गावच्या मारुतीसमोर, माती चाळून केलेल्या मैदानावर वाढवला, त्याची वेळ, त्याचा हंगाम, त्यात कुणी खेळायचे आणि कुणी नाही, हे एका कंपनीच्या बैठकीत ठरत असेल, तर खेळावर प्रेम करणाऱ्याने गप्प बसावे का? प्रक्षेपणाचा हक्क म्हणजे सामना दाखवण्याचा हक्क. खेळाची मालकी त्यात येत नाही. हा फरक आपण पुसू दिला, आणि पुसला गेल्याचे आपल्या ध्यानातही आले नाही.

दुसऱ्या वाहिनीने दुसरी लीग काढली की स्पर्धा होईल आणि खेळाडूचे भले होईल, असेही सांगितले जाते. तसे झालेले दिसत नाही. २००७ साली झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली. तिच्यामागे भारतीय क्रिकेटचे हक्क हातून निसटल्याची सल होती. क्रिकेट मंडळाने त्या लीगमध्ये गेलेल्यांना वाळीत टाकले. कपिल देवसारख्या विश्वविजेत्या कर्णधाराचीही गय केली नाही. वर्षभरात आयपीएल उभी राहिली आणि मग पहिली लीग बुडाली. कबड्डीतही २०१९ च्या मे महिन्यात बंडखोर महासंघाची दुसरी लीग पुण्यात बालेवाडीला सुरू झाली. तिलाही पुढे बस्तान बसवता आले नाही. दोन्ही वेळी भांडण दोन मालकांचे होते, आणि बंदीची धमकी खेळाडूने झेलली.

फुटबॉलची गत तर अधिक वाईट झाली. राष्ट्रीय महासंघाने २०१० साली आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटींना, एकाच भागीदाराच्या हवाली केले. त्यातून २०१४ ला इंडियन सुपर लीग जन्मली आणि आधीपासून चालत आलेली आय-लीग सावत्र ठरली. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेला गोव्याचा धेंपो, तसेच साळगावकर आणि स्पोर्टिंग, हे क्लब २०१६ साली आय-लीगमधून बाहेर पडले. ज्या क्लबांनी गोव्याच्या गावागावांत फुटबॉल रुजवला, त्यांना त्या वेळी राष्ट्रीय नकाशात जागा उरली नाही. आणि २०२५ च्या शेवटी तो पंधरा वर्षांचा करार संपत आला, नव्या हक्कांसाठी निविदा काढली, तेव्हा एकही बोली आली नाही. लीग ठरल्या वेळी सुरू होऊ शकली नाही. सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्यावर दुसरे काय होणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि वायकॉम १८ एकत्र आल्यापासून देशातल्या बहुतेक मोठ्या खेळांचे हक्क एकाच छपराखाली गेले आहेत. घेणारा एकच उरला की भाव तो ठरवतो, आणि भावाबरोबर बाकीचेही.

या सगळ्यात सर्वांत आधी बळी जातात त्या मुली.

भारताच्या महिला कबड्डी संघाने २०१० आणि २०१४ चे आशियाई सुवर्ण जिंकले, २०१८ ला रौप्य, आणि हांगझोऊला पुन्हा सुवर्ण. २०१२ ला पाटण्यात विश्वचषक जिंकला, तेव्हा सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघींना सरकारने एकेक कोटी दिले. २०२५ ला ढाक्यात पुन्हा विश्वचषक आला. एवढी यशाची परंपरा असताना प्रो कबड्डीने महिलांसाठी काय केले? २०१६ मध्ये तीन संघांची, मोजक्या सामन्यांची एक स्पर्धा पुरुषांच्या लीगला जोडून घेतली. त्यानंतर ते पर्व पुन्हा उभे राहिले नाही. खो-खोचेही तेच. अल्टिमेट खो-खो २०२२ साली बालेवाडीत सुरू झाली ती पुरुषांपुरती. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा पुण्याच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली मुलींनी तो जिंकून आणला.

‘मुलींचे सामने बघतो कोण?’ हे ठरलेले उत्तर. त्याचा समाचार आकड्यांनीच घेतलेला बरा. २०२३ च्या जानेवारीत महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना गेले. म्हणजे पुरुषांच्या प्रो कबड्डीला पाच वर्षांसाठी जे मिळाले, त्याहून जास्त. आपल्या सिन्नरची माया सोनवणे २०२२ साली महिलांच्या टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये आपल्या आगळ्या शैलीत लेगस्पिन टाकताना देशाने पाहिली. तेव्हा ती स्पर्धा तीन संघांचीच होती. वर्षभरात तिच्या जागी पूर्ण लीग आली, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला. आधी दाखवले, मग लोकांनी पाहिले, मग पैसा आला. क्रम हा आहे. प्रेक्षक नाहीत म्हणून दाखवायचे नाही, आणि दाखवायचे नाही म्हणून प्रेक्षक नाहीत, हा फास कुणीतरी हाताने सोडवावा लागतो.

हा फास फक्त मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांत आवळला जातो, असे मानून आपण सुटू शकत नाही. गेल्या एप्रिलमध्ये नाशिकच्या सिडको भागात एका मंडळाची ‘प्रकाशझोतातील’ कबड्डी स्पर्धा पाहिली. मुलींचा उपांत्य सामना दुपारी अडीचला. मॅटचे तुकडे उन्हात तापून कडेने उचलले गेलेले, दोन पोरे चिकटपट्टी घेऊन धावत होती. पेठकडच्या एका संघाची डाव्या कोपऱ्यातली मुलगी, अंगाने किरकोळ, पण तिने चढाईपटूचा घोटा असा धरला की पुढच्या फळीतल्या तिघी येईपर्यंत तो सुटला नाही. उठली तेव्हा कोपराची साल निघालेली. पंचांनी गुण दिला, तिने कोपरावर पाणी ओतले आणि जागेवर जाऊन उभी राहिली. त्या पकडीचे चित्रण कुठेही नाही. मोबाइलवर थेट प्रक्षेपण करणारा मुलगा मंडपात बसून होता, कॅमेरा बॅगेत. विचारले तर म्हणाला, ‘मुलींच्या मॅचला व्ह्यू येत नाहीत काका, कमिटीने संध्याकाळपासूनच सांगितलंय.’ संध्याकाळी दिवे लागले, पाहुणे आले, सत्कार तासभर चालले, मग पुरुषांचे सामने, कॅमेरा, समालोचन. मुलींचे बक्षीस पुरुषांच्या निम्म्याहून कमी होते.

त्या प्रक्षेपणाचा हक्क कुणी विकला होता? मंडळाने. कुठल्या अटीवर? कुठल्याच नाही. मग मोठ्या कंपन्यांना बोल लावण्याआधी आपण आपले घर सावरायला हवे.

ज्या लहरींवरून हे सामने आपल्या घरात येतात त्या लोकांच्या मालकीच्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवले आहे. १९९३ च्या हीरो कप क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात जुंपली होती. त्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालाचे सार असे की, प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि ती ना सरकारची मक्तेदारी, ना कुणा खासगी धन्याची. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले. मात्र २०१७ च्या निकालानंतर हे सामने दूरदर्शनच्या फ्री डिश आणि अँटेनापुरते राहिले. केबलवाल्याच्या तारेवर ते येत नाहीत. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने कोणते, ते सरकार ठरवते. कबड्डी आणि खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धा, महिलांच्या अंतिम फेऱ्यांसह, त्या यादीत पक्क्या बसल्या पाहिजेत. सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या मुलीने आपल्या खेळातली सर्वोत्तम खेळाडू पाहण्यासाठी महिन्याचे पॅक भरावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

लोकांनी मनावर घेतले तर काय होते, त्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तिथे फुटबॉल म्हटले की चार निरनिराळे खेळ डोळ्यांपुढे येतात, आणि चारही एकाच प्रेक्षकासाठी झगडतात. त्यांपैकी रग्बी लीगवर १९९५ साली मर्डोक आणि पॅकर या दोन वाहिनीसम्राटांचे युद्ध पेटले. हा तोच केरी पॅकर, ज्याने १९७७ ला क्रिकेट हादरवले होते. १९९७ साली एकाच खेळाच्या दोन लीगा चालल्या, वर्षअखेरीस तह झाला, आणि तहात जास्तीचे क्लब छाटायचे ठरले. १९०८ पासूनचा, कामगार वस्तीतला साउथ सिडनी क्लब १९९९ च्या हंगामानंतर बाहेर काढला गेला. त्या वस्तीने ते मान्य केले नाही. हजारो माणसे सिडनीच्या रस्त्यांवर उतरली, कोर्टात गेली, आणि २००२ साली क्लब परत मैदानात आला. २०१४ ला त्याने विजेतेपदही मिळवले.

आपल्याकडे एवढ्या मोठ्या लढ्याचीही गरज नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या फुटबॉल सामन्यांना शाहू स्टेडियम भरते, ते पेठांनी तो खेळ आपला मानला म्हणून. नाशिकच्या मंडळांनी, जिल्हा संघटनांनी आणि आमदार-नगरसेवकांच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धांच्या आयोजकांनी यंदापासून थेट प्रक्षेपणाचा करार कागदावर करावा. त्यात लिहावे की मुलींचे सामनेही त्याच कॅमेऱ्यावर, त्याच समालोचनासह दाखवले जातील. मुलींची अंतिम फेरी दिवे लागल्यावर होईल. बक्षीस समान असेल. आणि प्रक्षेपणातून आलेला पैसा किती, तो कुठे गेला, याचा हिशेब स्पर्धेच्या फलकावर लागेल. वर्गणी मागायला कार्यकर्ते दारात आले की हा कागद आधी मागा. तो दाखवला तर सढळ हाताने द्या. नाही दाखवला तर पावती फाडू देऊ नका, आणि का फाडू दिली नाही तेही त्यांना तोंडावर सांगा.